किसनची वशिंडाची गाय

किसन सावंतवाडीच्या लाकडी खेळणी करणाऱ्या घरातला. पण दुबईत आल्यापासून, रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये, बारा वर्षं त्याने दरवाजे आणि कपाटंच केली. रविवारी सुट्टी असली की तो जबल अलीच्या देवळात जायचा. तिथे जवळच गुरुद्वारा आणि चर्चही आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी चर्चच्या फाटकाशी म्हातारे फादर खोक्यात प्लास्टरचे तुकडे गोळा करत होते. नाताळच्या गव्हाणीतली गाय पडून फुटली होती. किसनला राहवलं नाही. "लाकडाची करून देऊ का?" तो हिंदीत बोलून गेला.

वर्कशॉपचा फोरमन तय्यब सहारनपूरचा, नक्षीकामात किसनचाही उस्ताद. तो हात लावेल असं किसन धरूनच चालला होता. तय्यबने मान हलवली. "जानवर की मूरत मैं नहीं बनाता, भाई. मेरे दीन में ठीक नहीं."

किसनचा चेहरा उतरला. तेवढ्यात तय्यबने कोपऱ्यातला सागाचा ठोकळा आणून त्याच्यापुढे ठेवला. "तू बना. ड्यूटी के बाद मशीन तेरी."

पहिल्या संध्याकाळी पटाशी नुसती अडखळत होती. दुसऱ्या दिवशी हाताला जुनी सवय आठवली. चौथ्या दिवशी गाय उभी राहिली, डोळे अर्धवट मिटून रवंथ करणारी.

"यल्ला, चल, बैठ," म्हणत तय्यबने पिकअप काढली. चर्चमध्ये सजावट करणाऱ्या फिलिपिनो बाईने गायीभोवती गुंडाळलेलं कापड सोडलं आणि ती बुचकळ्यात पडली. "फादर, हिच्या पाठीवर उंटासारखं काय आहे?"

किसन ओशाळला. त्याच्या डोळ्यांपुढच्या गायीला वशिंड होतंच, ते आपोआप कोरलं गेलं होतं. फादर मूळचे केरळचे. ते खो खो हसले. "आमच्या गावाकडेही अशाच असतात. राहू दे."

गाय गवतावर बसवली गेली. बाहेर थांबलेला तय्यब दारातून वाकून पाहत होता. तिथूनच म्हणाला, "बायाँ कान मोटा रह गया."

"हो, उस्ताद," किसन म्हणाला, आणि खिशातून पॉलिश पेपर काढून तिथेच कान घासायला बसला.

संध्याकाळी त्याने फोटो गावी पाठवला. बायकोचा, सगुणाचा, लगेच फोन आला. "ही तर आपली कपिला. तिला तिकडे कशी नेलीत?"