सीट वर, पाय चिऱ्यावर

आमच्या वाडीची सकाळ लुईझाबायच्या भोंपूने होते. सायकलच्या कॅरियरला बांधलेली टोपली, तिच्यावर निळं मेणकापड, आत गरम पाव. बेकरी तिच्या दिराची; दारोदार फिरण्याचं काम तिचं.

फाटकाशी आली की ती उतरत नसे. सीटवर बसूनच दोन्ही पाय जमिनीला टेकवायची, पाव द्यायची, मग गजाली सुरू. कोणाच्या आंब्याला मोहर आला, कोणाची सून माहेरून परतली. पाय नीट टेकावेत म्हणून तिने सीट पार खाली करून घेतली होती.

गेल्या वर्षी तिचे गुडघे दुखू लागले, तळहातांना मुंग्या येऊ लागल्या. चर्चजवळची घाटी ती सायकल ढकलत चढायची. वयाचंच दुखणं, असं तिने मानून टाकलं. मडगावहून मुलगा सॅविओ फोनवर म्हणायचा, "मम्मी, पुरे कर आता. हंय ये." मडगावात सकाळी आपली वाट कोण बघणार, हे तिला त्याला सांगता येत नसे.

शेवटी एका दुपारी ती सायकल घेऊन सत्यवानच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली.

"गिऱ्हाईक बघ रे कोण. माका आता झेपणा नाय."

सत्यवानने ब्रेक दाबून पाहिले आणि चक्कर मारायला सीटवर बसला. त्याचे गुडघे हँडलला लागले.

"बाय, ही सायकल आसा काय जेवणाचो पाट? सीट इतकी खाली कोणी केल्यान?"

"मीयाच करून घेतलंय. पाय टेकूक नको?"

"टेकतत, पण पॅडल मारताना सरळ खंय होतत? सगळो भार गुडघ्यार."

त्याने तिला भिंतीच्या आधाराने सायकलवर बसवलं. टाच पॅडलवर, पॅडल अगदी खाली. सीट थोडी वर केली, पुन्हा बसवलं. अजून थोडी वर. पाय सरळ झाला तेव्हा कुठे त्याने पाना आवळला. मग सीटचं पुढे झुकलेलं टोक सपाट केलं, म्हणजे अंगाचा भार हातांवर येणार नाही.

"आता माका जमीन पोचणा नाय. पडलंय म्हणजे?"

"पडलस तर पाव माझे."

"मेल्या!"

"थांबताना सीटीवरसून पुढे उतर, मगे पाय टेक. आठवडोभर फिरव. नाय जमला तर विकूया."

पहिले काही दिवस ती डुगडुगत गेली. मग एका सकाळी घाटी चढून वर आली आणि तिच्या लक्षात आलं, आपण खाली उतरलोच नाही. तिथेच थांबून तिने गुडघ्यावरून हात फिरवला. दुखत नव्हता.

फाटकांशी मात्र ती आता थांबेना. सीटवरून उतरून उभ्याने बोलायचं तिला जमत नव्हतं; पाव दिला की निघाली. रोज पाव घेणाऱ्या राधाबाईंनी एकदा हटकलंच.

"काय गो, रुसलस?"

"रुसतंय कशाक? पाय खंय ठेवू?"

दुसऱ्या दिवशी राधाबाईंच्या फाटकाशी जांभ्या दगडाचा एक चिरा मांडलेला होता, कुंपणाच्या कामातून उरलेला. लुईझाने सायकल त्याच्या शेजारी घेतली आणि सीटवर बसल्या बसल्याच एक पाय चिऱ्यावर ठेवला. उंचीला अगदी बरोबर होता.

"हां. आता सांग, सुशीलाची सून इली?"

राधाबाई सांगू लागल्या, तोच सॅविओचा फोन आला. मम्मी कधी येणार?

"नाताळाक तूच ये," लुईझा म्हणाली. "आणि आता ठेव. माझी गजाल अर्धी ऱ्हवली."