नन नसलेलं कॉन्व्हेंट

आमच्या स्टाफरूममध्ये चहा दिवसातून एकदा येतो, तोही पाणचट. किस्से मात्र तासातासाला! मी नारपोलीतल्या एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत मराठी शिकवते. पाटीवर 'कॉन्व्हेंट' लिहिलंय, नन एकही नाही. मागे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना खडखडत असतो, तोही आमच्या संस्थापक दादांचाच.

*

इंग्रज गेले, पण जाताना टाय आमच्या दादांकडे ठेवून गेले! यंदा मुलींनाही टाय सक्तीचा झाला. पहिल्याच दिवशी एक आई तावातावाने आली. "बाई, गळ्यात हा पट्टा कशाला? माझी पोरगी काय पळून जाते काय?"

मी म्हटलं, "दादांना विचारा." तिने खरंच विचारलं. दादा म्हणाले, "शिस्त!"

*

मग नियम निघाला, वर्गात ओन्ली इंग्लिश! सातवीच्या पोरी एरवी लूमपेक्षाही मोठ्याने बोलायच्या, त्या एकदम गप्प. पाणी प्यायला जाऊ का, एवढंही कुणी विचारेना. दादा राउंडला आले आणि दारातच हरखले.

"बघा! याला म्हणतात संस्कार!"

*

महिला दिनाला दादांनी मुलींच्या शिक्षणावर पाऊण तास भाषण ठोकलं. मुली उन्हात, दादा मंडपात. भाषण संपल्यावर हेडमिस्ट्रेस मॅडमनी लाडीगोडीने विचारलं, "दादा, तुमच्या सूनबाई बीएड आहेत ना? गणिताला टीचर नाहीये, पाठवा की!"

"छे छे! आमच्याकडे सुना बाहेर पडत नाहीत."

आम्ही टाळ्या वाजवल्या. सवयच झालीय.

*

आणि हा ॲडमिशनचा किस्सा. आमच्याकडे मुलाआधी आईबापाची मुलाखत होते, तीही इंग्लिशमध्ये! वळ गावाहून एक शेतकरी जोडपं आलं, पाच वर्षांच्या ओमला घेऊन. सोबत ओमची ताई साक्षी, गावच्या मराठी शाळेतून सातवी पास झालेली. बाहेरच्या बाकावर तिने मला हळूच विचारलं, "बाई, आठवीला जागा हाय का?"

"आहे की!"

पोरीचा चेहरा असा फुलला, की मलाच भरून आलं.

आत मॅडमनी इंग्लिश सुरू केलं. बापाने साक्षीला पुढे ढकललं. "आमच्या वतीनं ही बोलेल." आणि बोलली की हो! धडाधड, कुठेही न अडखळता. मॅडम चाट पडल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "व्हाय अवर स्कूल फॉर ओम?"

"बिकॉज ही इज अ बॉय, मॅडम."

मॅडमनी घाईघाईने ओमची ॲडमिशन पक्की करून टाकली. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली! मी बापाला म्हटलं, "आणि हिला? आठवीला जागा आहे. हिलाही घाला ना इथे!" साक्षी श्वास रोखून बापाकडे बघत होती.

बापाने कौतुकाने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हिला कशाला, बाई? हिला तर सगळं येतंय!"