घाटावरची मुरी

माझं माहेर चंदगडकडचं, घाटावरचं. सासर गोव्यात, पेडण्यातलं, हळर्णला. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला नावानं हाकच मारायच्या नाहीत. भात चिकट झाला की "घाटी!" कालवणात खोबरं कमी पडलं की "तुका परत घाटार धाडतंय बघ!" नवरा हसायचा. मी जात्याच फटकळ, पण नव्या घरात तोंड कुठं उघडणार? मला खरंच भीती वाटायची, की एक दिवस ही बाई पिशवी भरून मला बसमध्ये बसवणार.

पावसात ट्रॉलर बंद, बाजारात ताजी मासळी नाही. सासूबाईंचं तोंड सुतक पडल्यासारखं. एकदा पाऊस उघडला म्हणून मी मागच्या व्हाळावर कपडे धुवायला गेले, तर दगडाला चिकटलेली बोटभर मुरी मासोळी! मिशा त्याच, पट्टे तेच. अगं बाई, ही तर माझ्या गावच्या ओढ्यातली! पण आमचं पाणी पूर्वेकडे, पार बंगालच्या उपसागराला जातं. इथलं जातं अरबी समुद्राला. मध्ये एवढा सह्याद्री. मग ही बया आली कशी?

ओढणीत दहा-पंधरा मुऱ्या पकडून आणल्या आणि तांदळाचं पीठ लावून कुरकुरीत तळल्या.

"असली किडी खातास तुमी?" सासूबाईंनी नाक मुरडलं. एक चाखली. मग ताटलीच स्वतःकडे ओढली.

नणंद सुट्टीला आली होती. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी विचारलं तशी तिनं ताटात भाताचा डोंगर रचला आणि त्याच्या मागं कुलेरीनं, म्हणजे चमच्यानं, सोलकढी ओतली.

"हा सह्याद्री. मागची कढी ती वहिनीच्या गावची नदी. आमच्या बाजूला उतार उभा, म्हणून आमची नदी, आमची न्हंय, जोरात पळते आणि डोंगर मागं मागं खात जाते." ती पुढून बोटानं भात कोरत राहिली. लाखो वर्षांचं काम तिनं दोन घासांत उरकलं. भात फुटला आणि मागची कढी भळकन पुढं आली.

"चोरली! पाणी वळलं, त्याबरोबर मासेही आले. मग इथंच रुजले, पुढं कुठंकुठं वेगळ्या जातीसुद्धा झाल्या."

"म्हणजे ही मुरी घाटी?" सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"तुम्ही खाल्लेल्या सगळ्या घाटी!" माझ्या तोंडून निघून गेलंच. नणंद ठसका लागेपर्यंत हसली. सासूबाईंनी मात्र ताटली काही सोडली नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारीण आली. मी आत माशांना मसाला लावत होते.

"तुमची घाटी सून खंय गेली? माहेराक धाडलास काय?"

"घाटी कसली? आमच्या न्हंयन चोरून हाडलेली ती," सासूबाई म्हणाल्या. "चोरलेलां कोण परत धाडता गो?"

मी तशाच तिखटाच्या हातानं डोळे पुसले, आणि मग काय विचारता, दुपारभर रडत होते.