कोरी जागा

आमच्या सदर बाजारातल्या तारघरात छपाईचं मशीन अडलं की तारा नुसत्या भोकांच्या कागदी पट्टीवर साचायच्या आणि पट्टीचा ढीग टोपलीबाहेर यायचा. त्यातली एखादी तार तातडीनं हवी असली की सगळे एका जुन्या तारबाबूलाच हाक मारत. तो पट्टी बोटांतून सरकवत राही. दोन तारांमधली कोरी जागा बोटाला लागली की थांबे, पुढच्या तारेचा नंबर नि नाव पाही आणि पुन्हा सुटे. मजकूर कधीच पाहत नसे. "वाचत बसलो तं अडकलो गा," म्हणायचा.

एकदा तो साहेबांची तार शोधत होता. माझी बायको बाळंतपणाला उमरेडला गेली होती. मी म्हटलं, "भाऊ, जाता जाता माझंही नाव पाहा."

"नाही पाहत. दोन शोधले तं एकही भेटत नाही."

साहेबांची तार त्यानं काढून दिली. मग पट्टीचं पहिलं टोक पुन्हा हुडकलं आणि माझ्यासाठी सुरुवातीपासून निघाला. माझी तार सापडल्यावर तेवढा तुकडा माझ्या हातात ठेवला. मी खिडकीवरचा कारकून, मला भोकं वाचता येत नव्हती. मी तुकडा परत दिला. नाइलाजानं तो वाचू लागला. आधी नंबर, मग गाव, मग शब्द किती, आणि शेवटी, "मुलगी. दोघी बऱ्या."

"आता हे डोक्यातून निघत नाही," तो कुरकुरला.

पोरगी आता शाळेत जाते. त्यानं तिला अजून पाहिलेलं नाही. तरी दर सोमवारी खिडकीशी येऊन विचारतो, "दोघी बऱ्या ना गा?"