तेल प्यालेला बालंक्या

देवणीच्या बाजारात जहांगीरचाचांचा हात पाठीवर पडला की बैल आपोआप मान वर करायचा, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. चाचा बैलांचे दलाल. बाजाराच्या आदल्या दिवशी ते जनावराला खरारा करत, करडीच्या तेलाचं फडकं अंगावरून फिरवत, आणि सकाळी त्या कातडीत ऊन उतरून बसे.

मग पावसानं दगा दिला. कडबा संपला, बाजार ओस पडला. लातूर जिल्हा नवाच झालेला. जो तो कामासाठी लातूरच्या वाटेला लागलेला. चाचांनी हेरलं, आता मोटार चालणार. त्यांनी जुनी पांढरी अँबॅसडर घेतली. अंगावर काळा ठिपका नसलेल्या देवणी बैलाला बालंक्या म्हणतात. गाडीचं नाव तेच पडलं.

टँकरवर देखरेख करणाऱ्या नव्या साहेबांना गावोगाव फिरायला भाड्याची गाडी हवी होती. दुपारी ते बघायला येणार होते. पसंत पडली तर दुष्काळभर चाचांची चूल पेटती राहणार. आणि बालंक्याच्या अंगावर धुळीचा लेप, पोटात गेल्या आठवड्यात नेलेल्या बोकडांचा वास! धुवावं, तर सारी गल्ली घागरी मांडून टँकरची वाट बघत बसलेली.

चाचांनी आतली पायपुसणी काढून लिंबाच्या बुंध्यावर बडवली. लिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला आणि वेग दाखवणाऱ्या काट्याच्या डबीभोवतीची, दाराच्या मुठीमागची घाण टोकरून काढली. गाद्यांवरचे केस ओल्या चिंधीनं टिपले. आत लोबानाचा धूर कोंडला. मग बाहेरची धूळ झटकून, जन्माची सवय, त्यांनी करडीचं तेल घेतलं आणि टपापासून चाकापर्यंत गाडी माखली.

बालंक्या असा झळकला की त्यात चाचांना स्वतःची दाढी दिसली. ते दोन पावलं मागं सरले, डोळे भरून बघू लागले.

तेवढ्यात रस्त्यावरून वावटळ आली.

बैल अंग झाडतो. मोटार कुठली झाडणार! सगळी धूळ तेलाला चिकटली. रईसाचाची दारातून बघत होत्या. पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "आता तळायचंच राहिलं बघा. पीठ लावून तर झालं!"

"हसू नको, रईसा. साहेब येऊन राहिले."

"मग बसू नका. तेल कशानं जातं, हे बैलाला न्हाई, बाईला विचारायचं असतं."

त्यांनी टोपलंभर ज्वारीचा कोंडा आणला. एक फडकं चाचांच्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं. आधी तेल-धूळ हलक्या हातानं निपटली, मग कोंडा टाकून पुसत गेल्या. कोंड्यानं तेल ओढलं, आणि खालून दुधासारखा रंग वर आला. शेवटी चाचांच्या मऊ जुन्या धोतरानं चकाकी दिली.

साहेब आले. गाडी बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"लोक घोटभर पाण्यासाठी उन्हात बसलेत, आणि तुम्ही गाडी धुता? ही गाडी मला नको."

चाचांनी हातातलं धोतर पाठीमागं लपवलं. बाजारात शंभरांना गप्प करणारा माणूस!

घागरीजवळून चांगुणाबाई ताडकन उठली. "ओ साहेब, थेंब जरी सांडला असता, तर म्या ह्याची गाडी फोडली असती! सकाळधरनं माझा डोळा इकडंच हाय. खाली वाकून बघा."

साहेब वाकले. गाडीखालची माती कोरडी ठणठणीत, आणि तिथं कोंबड्या तेलकट कोंडा टिपत होत्या. त्यांनी बॉनेटवर बोट फिरवून हुंगलं.

"करडीचं?"

"हाव, साहेब," रईसाचाची म्हणाल्या. "भजे तेवढे राहिले."

साहेब हसले, आत बसले, दार ओढून बघितलं. "उद्यापासून या."

चाचांचा चेहरा उजळला. हरखलेल्या माणसाला सवयच आठवते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर पसरला आणि तो हात साहेबांपुढं धरला. बैलाचा भाव असाच, रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. साहेब बावरले.

"अहो, भाव सरकारनं ठरवलाय!"

"ठरू द्या," चाचा म्हणाले. "हात घातल्याबिगर सौदा पक्का होत न्हाई."

सारी गल्ली बघत होती. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, बाही सारली आणि रुमालाखाली हात घातला.