धामच्या वाळूतली गिटार

माझ्या दोस्ताच्या, सुधाकरच्या तेरवीनंतर वहिनींनी माळ्यावरून त्याची गिटार काढून माझ्या हातात दिली. गंजलेल्या तारांचा वास बोटांना लागला आणि मी थेट पवनारला, आश्रमाजवळच्या धाम नदीच्या वाळूत जाऊन पोचलो.

सत्तरचं दशक होतं. कुठल्याशा विदेशी मासिकात सुधाकरनं एक फोटो पाहिला होता. मोकळं माळरान, लांब केसांची लाखभर पोरंपोरी आणि दूर स्टेजवर गिटारवाला. "आपनही करू नं बे," तो मला म्हणाला. आम्ही लग्नातले भोंगे आणून बाभळीला टांगले, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर माईक सुरू केला. आवाज ऐकून गावातले लोक आले. सगळ्यांनी चपला काढल्या आणि बाया एकीकडे, माणसं एकीकडे अशी मांडी घालून बसली. सुधाकर गिटार घेऊन, डोळे मिटून इंग्रजी गाणी गात राहिला. कोणी हललं नाही, कोणी टाळीही वाजवली नाही. शेवटी एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, "प्रवचन कवा सुरू होते, बाबू?"

मी हसून लोळलो. सुधाकर हसला नाही. परतीच्या बसमध्ये म्हणाला, "उद्यापासून बाबाच्या दुकानात बसतो." केस कापून बसला, तो मरेपर्यंत कापडच मोजत राहिला. इतकी माणसं इतक्या अदबीनं त्याच्यासमोर पुन्हा कधी बसली नाहीत. हे मला आज कळतंय, आणि आता कुणाला सांगू?

वहिनी दारापर्यंत आल्या.

"भाऊजी," त्यांनी हळूच विचारलं, "ह्यायले खरंच वाजवता येत होतं काय?"