घंटाघरातली वटवाघळं

“घंटाघर काढून टाका,” पुण्याच्या क्लायंट मॅडम कॉलवर म्हणाल्या. “ती लेव्हल कुणालाच पार होत नाही. सोमवारी मला उरलेला गेम द्या.”

मी इंदूरला विजय नगरमधल्या एका कंपनीत टेस्टिंग बघते. गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधणं, हे माझ्या टीमचं काम. या वेळी टीव्हीला जोडून खेळायचा एक जुना गेम मोबाईलसाठी नव्यानं लिहिला होता. याला पोर्ट म्हणतात. गेम भुताखेतांचा. ओसाड किल्ला, थडगी, आणि मशाल घेऊन उड्या मारत वर चढणारी एक बाई.

शाळेत असताना मी आणि माझी मोठी बहीण वंदनाताई हाच गेम खेळायचो. रिमोट एकच. ताई डावीकडून बाईला चालवायची, मी उजवीकडची उडीची आणि मशालीची बटणं दाबायची. रिमोट वीतभर, त्यामुळे खांद्याला खांदा लावूनच बसावं लागे. घंटाघर आम्ही कितीदा तरी पार केलं होतं. माझ्या हातून तो गेम घंटाघराशिवाय जावा, हे मला नको होतं.

आमचे डेव्हलपर दुबेजी म्हणाले, “मॅडम, सब ओरिजिनल है. जंप वही, चमगादड़ वही. बचपन में आपकी उंगलियां तेज रही होंगी. अब उमर के साथ...”

“दुबेजी, वाक्य पूरा मत कीजिए.”

गेमबद्दल त्यांचं बरोबर होतं. मी सगळे आकडे जुन्या कोडशी ताडून पाहिले. कुठेच फरक नव्हता. तरी घंटाघरात वटवाघळं आली की बाई मरायचीच.

शनिवारी ताईला फोन केला. ती इंदूरच्याच टोकाला, राऊला राहते. एकाच शहरात असून आम्ही भेटतो ते लग्नाकार्यात. भांडण वगैरे काही नाही. तिची नोकरी, माझी नोकरी, मधला ट्रॅफिक.

“तो गेमचा डब्बा आहे का गं अजून?”

“माळ्यावर पडलाय. फेकायचा राहून गेला. ये, आणि जेवूनच जा.”

धूळ झटकून मशीन टीव्हीला जोडलं. चालू झालं. ताईनं न विचारता रिमोटची डावी बाजू धरली आणि उजवी माझ्याकडे सरकवली.

“सरक जरा. किती जाड झालीस!”

“सोफा लहान आहे.”

“हां, सोफाच लहान आहे. अगं दाब ना! सो गई क्या?”

बऱ्याचदा मेलो. शेवटी घंटाघरात पोचलो. वटवाघळांचा थवा आला आणि पडद्यावर सगळंच संथ झालं. बाई हवेत तरंगल्यासारखी दिसायला लागली. ताई म्हणाली, “आता दाब. आरामात.” तेव्हाही ती हेच म्हणायची. मी दाबलं. पार झालो.

तिथे वेळ पुरतो तो ताई शेजारी असते म्हणून, असं मी लहानपणी धरून चालले होते. खरं कारण मशीन. एवढी वटवाघळं पडद्यावर वेळेत रेखाटणं त्याला झेपत नसे, म्हणून अख्खा गेम रखडायचा. बनवणाऱ्यांनी त्या रखडण्याच्या हिशोबानंच घंटाघर रचलेलं असावं. आजचा मोबाईल रखडत नाही. आणि हे रखडणं कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी ताईला हे समजावून सांगितलं.

“म्हणजे आपण हुशार नव्हतो?”

“नव्हतो.”

“जाऊ दे. अजून एकदा लाव.”

माझं काम झालं होतं. दुबेजींना पडद्याचा व्हिडिओ काढून पाठवला, फोन उलटा ठेवला आणि गेम पुन्हा लावला.

निघताना मशीन बरोबर घेतलं. दुबेजींनी त्यावर रखडणं मोजलं आणि तेवढंच नव्या गेममध्ये घातलं.

“म्हणजे चांगला पळणारा गेम मुद्दाम अडखळवायचा?” क्लायंट मॅडमनी विचारलं.

“हो.”

“लोक तक्रार करतील.”

“करतील. पण पार होतील.”

त्यांनी स्वतः खेळून पाहिलं. घंटाघर राहिलं. आता ‘इथे गेम अटकतो’ अशा तक्रारी येतात. तो तसाच आहे, असं आम्ही कळवतो. जुनी गोष्ट नव्यानं करायची असेल तर आधी जुनी चालवून बघावी, हे मी टीमला सांगून ठेवलं आहे.

मशीन अजून माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे. दुबेजींना त्याची गरज नाही. ताई खास इंदुरी थाटात विचारते, “कब ला रही है, भिया?” कुरिअरनं एका दिवसात पोचेल. पण मी म्हणते, रविवारी घेऊन येते.

या रविवारी जमलं नाही.